डिस्को संगीताचे पुनरुज्जीवन, गोव्यातील

डिस्को हे १९७०च्या दशकात अमेरिकेतील शहरी नृत्यगृहांत घडलेले आणि १९८०च्या सुमारास तेथील बाजारातून बहुतांशी हद्दपार झालेले नृत्यसंगीत होय. गेल्या दीड-दोन दशकांत जगभरच्या क्लबांमध्ये ते पुन्हा वाजू लागले असून, गोव्यात या प्रवाहाला जे रूप आले त्याचा विचार या नोंदीत केला आहे. गोव्याचे प्रकरण इतर ठिकाणांहून थोडे निराळे आहे. येथील किनाऱ्यावरच्या पार्ट्यांनी चाळीस वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक डिस्कोचा ठेका उचलला, पण त्यातला गाणारा माणूस वगळला. आज वागातोर, आसगाव, शिवोली किंवा पणजी येथील लहान क्लबांत जी गर्दी जमते, ती मुख्यतः त्या वगळलेल्या गळ्याच्या ओढीने जमते.

मूळ शैली : डिस्कोचा कणा म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर पडणारा किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा) समान ठोका. दोन ठोक्यांच्या मध्ये हाय-हॅट (ड्रमसंचातील झांजांची जोडी) उघडते, त्यामुळे पाय जमिनीवर येतो तेव्हाच पुढच्या उचलीची सूचना मिळते. फिलाडेल्फियाचे ड्रमवादक अर्ल यंग यांच्या १९७३च्या सुमाराच्या वादनात हा साचा स्पष्ट दिसतो. लय साधारणतः मिनिटाला ११० ते १३० ठोके असते. त्यावर सप्तक ओलांडून वरखाली उडणारा बास, तंतुवाद्यांचा ताफा, ब्रास आणि मोकळ्या गळ्याने गायलेले शब्द अशी रचना असते. डेव्हिड मँकुसो यांनी १४ फेब्रुवारी १९७० रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या जागेत दिलेली पार्टी या संस्कृतीचा आरंभबिंदू मानली जाते. दशकाच्या मध्यावर टॉम मोल्टन यांनी गाण्यांच्या लांबवलेल्या आवृत्त्या आणि बारा इंची सिंगल रूढ केली. पुढे १९७७ साली जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डोना समरच्या ‘आय फील लव्ह’ या गाण्यात जवळजवळ संपूर्ण वाद्यमेळ सिंथेसायझरवर उभा केला.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवून देण्यात आली. प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे दुसरा सामना होऊ शकला नाही. डिस्कोचा पाया कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी नर्तकांच्या समाजात होता, हे लक्षात घेता त्या रात्रीच्या रोषाला केवळ संगीताची नावड म्हणणे कठीण आहे. तथापि त्याच शहरात डीजे फ्रँकी नकल्स यांनी वेअरहाउस क्लबमध्ये डिस्कोच्याच तबकड्यांवर काम करीत पुढे हाउस नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताची पायाभरणी केली.

किनाऱ्यावरील पूर्वपीठिका : हणजूण आणि वागातोर येथे १९७०च्या दशकात जमणारे हिप्पी प्रामुख्याने रॉक ऐकत. न्यूयॉर्कमध्ये डिस्को भरात असताना गोव्याच्या वाळूवर गिटारचे राज्य होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी लॉरां या फ्रेंच डीजेने आणि पाठोपाठ गोवा गिल प्रभृतींनी तेथे युरोपातील इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत आणले. ही मंडळी तबकड्यांऐवजी कॅसेटवर आणि नंतर डॅट टेपवर (डिजिटल ध्वनिफितीवर) वाजवीत, कारण उन्हात व्हायनिलची तबकडी वाकते आणि सुई तिच्यावर टिकत नाही. कॅसेटवर उतरवताना गाण्यातील शब्दांचा भाग गाळून फक्त वाद्यांचे तुकडे जोडण्याची पद्धत तेव्हा पडली. रात्रभर चालणाऱ्या नाचात कोणाच्या प्रेमभंगाची कहाणी मध्ये येऊ नये, असा त्यामागचा हेतू. या शब्दहीन, दीर्घ आणि उत्तरोत्तर वेग घेणाऱ्या प्रवाहातून १९९०च्या दशकात मिनिटाला १४०-१५० ठोक्यांचा गोवा ट्रान्स आकाराला आला आणि गोव्याचे नाव जगाच्या नृत्यनकाशावर गेले ते या संगीतामुळे. ट्रान्सचे निष्ठावंत हे नाते क्वचितच सांगतात, परंतु त्यांच्या सम ठोक्याचे आजोळ डिस्कोकडे निघते.

हॉल, फेस्त आणि चित्रपट : किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटर आत मात्र वेगळेच चालले होते. सासष्टी आणि बार्देशमधील ख्रिस्ती लग्नांच्या हॉलमध्ये, फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) रात्रीच्या नाचांत आणि कार्निव्हलच्या दिवसांत क्लबांतून होणाऱ्या नृत्यांत बोनी एमसारख्या गटांची गाणी रुळली आणि ती तेथून कधी उठलीच नाहीत. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि कोंकणी-पोर्तुगीज गाण्यांच्या ‘मसाला’ मालिकेसोबत बँडवाले डिस्कोचे एखादे गाणे घेतात आणि आजी-नातवंडे एकाच फरशीवर उतरतात. क्लबांतल्या ‘रेट्रो नाइट’ला जी अनुभूती विकत घ्यावी लागते, ती या हॉलांतून आमंत्रणपत्रिकेवर मिळत आली आहे.

या सवयीमागे गोव्याची जुनी वादनपरंपरा आहे. चर्चशी संलग्न संगीतशाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले गोमंतकीय वादक विसाव्या शतकात मोठ्या संख्येने मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. वाद्यमेळाचे लेखन, तंतुवाद्यांचे ताफे आणि ब्रासचे विभाग यांवर त्यांचा ठसा उमटला. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीने ‘कर्ज’ (१९८०) चित्रपटात ‘ओम शांती ओम’सारखे डिस्कोच्या झगमगाटात बसवलेले गाणे दिले. त्याच वर्षी ‘कुर्बानी’ चित्रपटात बिद्दू यांनी लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेले, नाझिया हसन यांच्या आवाजातील ‘आप जैसा कोई’ गाजले. पाठोपाठ बप्पी लाहिरी यांनी ‘अरमान’ (१९८१) मधील उषा उत्थुप यांचे ‘रंभा हो’ आणि १९८२चा ‘डिस्को डान्सर’ यांद्वारे हा ठेका गावोगावच्या लाउडस्पीकरवर नेला. गणेशोत्सवाच्या मंडपापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सर्वत्र तो पोहोचला. अमेरिकेत तबकड्या जाळल्या जाऊन तीन वर्षे उलटली असताना भारतात डिस्कोचा सुवर्णकाळ चालू होता, ही गोष्ट पाश्चात्त्य इतिहासलेखनात बहुधा निसटते.

पुनरुज्जीवनाची वाट : जागतिक पातळीवर हे संगीत पूर्णतः थांबले नव्हते. २०००च्या दशकात जुन्या तबकड्यांचे नवे संपादन करणारे डीजे आणि न्यू-डिस्को नावाने ओळखली जाणारी संथ, स्वरप्रधान शैली पुढे आली. २०१३ साली डाफ्ट पंक यांनी शीक गटाचे गिटारवादक नाइल रॉजर्स यांना सोबत घेऊन केलेले ‘गेट लकी’ आणि २०२० साली आलेला दुआ लिपाचा ‘फ्युचर नॉस्टॅल्जिया’ हा अल्बम यांनी तो ठेका नव्या पिढीच्या कानावर घातला. भारतीय दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरले ते विस्मृतीत गेलेल्या ध्वनिमुद्रणांचे पुनर्प्रकाशन. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही सिंथेसायझर व ताल देणारी यंत्रे वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. त्या वेळी दुर्लक्षित राहिलेला हा अल्बम २०१० साली पुन्हा निघाला आणि अ‍ॅसिड हाउस या हाउसच्या उपशैलीशी, तिच्या पाच वर्षे आधीचे, त्याचे साम्य पाहून जाणकार थक्क झाले. रूपा बिश्वास यांचा कॅनडात ध्वनिमुद्रित झालेला ‘डिस्को जॅझ’ (१९८२) २०१९ मध्ये पुनर्प्रकाशित झाला. मुंबईत वाढलेल्या आशा पुथली यांचे ‘स्पेस टॉक’ मँकुसो यांच्या पार्ट्यांत पूर्वीच गाजलेले होते. ते आता भारतीय डीजेंच्या संचात स्थिरावले आहे.

गोव्यात या सर्वांतून जी गोष्ट खऱ्या अर्थाने रुजली ती म्हणजे हिंदी गाण्यांची ‘एडिट’, म्हणजे नाचासाठी कापून-जोडून केलेली आवृत्ती. टोध तेरी या टोपणनावाने निघालेल्या एडिटमालिकेने या प्रकाराला भारताबाहेरही ओळख मिळवून दिली. एडिट करण्यातील मुख्य अडचण लयीची असते. १९८०-८२ची गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली असल्यामुळे मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत लय नकळत सरकते. ऐकताना ते जाणवत नाही, पण त्यावर दुसरे गाणे मिसळायला गेले की दोन किक ड्रम घोड्यांच्या टापांसारखे वेगळे पडू लागतात. म्हणून एडिट करणारा संगणकावर गाण्याचा ठोका न् ठोका खुणेने बांधून लय एकसारखी करतो. सुरुवातीला नुसत्या तालाची सोळा किंवा बत्तीस आवर्तने जोडतो, म्हणजे आधीच्या गाण्यातून येण्यास जागा मिळते. जुन्या ध्वनिमुद्रणात खालचा स्वर पातळ असतो, तेथे नवा किक आणि कधी नवा बास घालतो. अंतरा बहुधा कापला जातो. दोन अंतऱ्यांमधला वाद्यांचा पीस, जो चित्रपटात जेमतेम वीस सेकंद ऐकू येत असे, तो चार-चार मिनिटे फिरवला जातो. मुखडा मात्र राखून ठेवतात आणि गर्दी पुरेशी ताणली गेली की एकदाच, पूर्ण सोडतात. त्या क्षणी सगळी फरशी गाऊ लागते. ट्रान्सच्या पार्टीत हे घडत नाही.

नियम, वेळ आणि जागा : या प्रसाराला कायद्यानेही अप्रत्यक्ष हातभार लावला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी अधिसूचित झाले. मँकुसो यांच्या पार्टीला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे पूर्ण होत होती, हा केवळ योगायोग. या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही आणि निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५च्या निकालात ही बंदी अधिक ठाम केली. नियमाची अंमलबजावणी गोव्यात सदैव वादाचा विषय राहिली असून हणजूण-वागातोर परिसरातील रहिवाशांच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे वारंवार गेल्या आहेत. या तक्रारी रास्त आहेत. शेजारच्या घरात आजारी माणूस असेल तर बास कोणत्या शैलीचा आहे याने काही फरक पडत नाही.

रात्रभराच्या खुल्या पार्टीला चाप बसल्याने नाच दोन दिशांना सरकला. एक, दुपारी चार-पाचला सुरू होऊन दहाच्या आत आटोपणारे सूर्यास्ताचे कार्यक्रम. दोन, ध्वनिरोधक भिंतींच्या लहान बंद खोल्या. दोन्हींना मिनिटाला १०५ ते १२० ठोक्यांची, बोलत-खात ऐकता येणारी लय सोयीची पडते, आणि डिस्को नेमके तेथे बसते. काणकोण तालुक्यातील पाळोळे येथे हेडफोन लावून नाचण्याच्या ‘सायलेंट’ पार्ट्या हा याच नियमावर काढलेला तिसरा तोडगा होय. पणजीतील ‘फॉर द रेकॉर्ड’सारखे व्हायनिल बार तबकड्या ऐकण्यावर भर देतात. पावसाळ्यातील दमट हवेत वेष्टनांना बुरशी धरते, त्यामुळे जून ते सप्टेंबर तबकड्या कोरड्या, वातानुकूलित जागी ठेवणे हा गोव्यातील संग्राहकांचा नित्याचा व्याप आहे.

श्रोतृवर्ग : महासाथीच्या काळात मुंबई, दिल्ली, बंगळूर येथून उत्तर गोव्यात स्थायिक झालेले तिशी-चाळिशीतील व्यावसायिक हा या संगीताचा ठळक श्रोता आहे. त्याच्या जोडीला म्हापसा, मडगाव, फोंडा येथील स्थानिक तरुण आणि सप्ताहान्तास पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडीकडून येणारे मराठीभाषक दिसतात. शेवटच्या गटाकडून होणाऱ्या फर्माइशींत हिंदी गाण्यांखेरीज ‘गंमत जंमत’ (१९८७) मधील किशोर कुमार यांच्या आवाजातील ‘अश्विनी ये ना’ हे अरुण पौडवाल यांचे गाणे हमखास असते. ते काटेकोर अर्थाने डिस्को नव्हे, पण त्याच काळच्या ठेक्यावर ते बेतलेले असल्याने संचात सहज मिसळते. बागा-कळंगुट पट्ट्यातील मोठ्या क्लबांत मात्र डिस्को बहुधा वेशभूषेपुरते उरते. आरशांचा गोळा आणि चकचकीत जाकीट यांनी रात्र सुरू होते, अर्ध्या तासात पंजाबी गाणी लागतात. या प्रकाराला पुनरुज्जीवन म्हणणे उदारपणाचे ठरेल.

हक्कांचा प्रश्न : एडिट हे बहुतेक वेळा मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय केलेले असते. सार्वजनिक वादनासाठी क्लबला संगीत-हक्क संस्थांचा परवाना लागतो, मात्र तो घेतल्याने मूळ ध्वनिमुद्रण कापून-जोडून बदलण्याचा अधिकार मिळत नाही. लग्नसमारंभांच्या बाबतीत गोवा शासनाने जानेवारी २०२४ मध्ये, प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२(१)(झेडए)चा आधार घेऊन, अशा समारंभांत संगीत वाजवण्यास परवान्याची गरज नसल्याचे परिपत्रक काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. परिणामी हॉलमधला डीजे आणि क्लबमधला डीजे हे दोघेही हक्कांच्या बाबतीत संदिग्ध स्थितीत काम करतात, आणि गोव्यात सर्वाधिक नाचली जाणारी कित्येक एडिट कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर सापडत नाहीत. ती पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर, ओळखीच्या माणसाकडून ओळखीच्या माणसाकडे जातात.