झुरळांची शर्यत आणि यवतेश्वरचा घाट

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना कडेच्या माणसांनी ‘पळ की, आलंच बघ वर!’ असा आवाज दिला, की जड झालेले पाय पुन्हा उचलतात. हे नुसतं मनाचं म्हणावं, तर झुरळांचं काय?

१९६९ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स आणि सहकाऱ्यांनी झुरळं पळवली. मागं प्रखर दिवा, पुढं अंधारी डबी, बाजूच्या पारदर्शक खोक्यांत ‘प्रेक्षक’ झुरळं. सरळ वाटेवर प्रेक्षकांसमोर ती जास्त वेगानं पळाली. वळावं लागणाऱ्या वाटेवर मात्र त्यांना उलट उशीर लागला. झायन्स यांची मांडणी अशी: आजूबाजूला कुणी असलं की शरीर चेतवलं जातं आणि सगळ्यांत पक्की सवय उसळून वर येते. ती योग्य असली तर फायदा, नसली तर फजिती.

पळणं तर आपल्या अंगात मुरलेलं. मग टाळ्यांचा फायदा सगळ्यांना सारखाच का होऊ नये? कारण २१.१ किलोमीटरमध्ये खरं कसब वेग राखून पळण्यात आहे. नवख्याची पक्की सवय एकच: इशारा झाला की सुटायचं. गर्दीच्या जोशात तो स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा भराभर जाळतो आणि निम्म्या घाटात धापा टाकत चालू लागतो. मुरलेल्या धावपटूच्या डोक्यात सतत हिशेब चाललेला असतो, दम किती लागलाय आणि अंतर किती उरलंय याचा. त्याची पक्की सवय हीच. टाळ्यांनी ती आणखी घट्ट होते.

अर्थात टाळ्यांची ताकद फार फुगवून सांगू नये. चार्ल्स बाँड आणि लिंडा टायटस यांनी १९८३ मध्ये २४१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कामगिरीतल्या एकूण फरकापैकी फार तर ३ टक्के वाटा इतरांच्या हजेरीचा निघाला. सराव नसलेल्याला ढोल वाजवून घाट चढवता येत नाही.

कोविडमध्ये रिकाम्या मैदानांनी आयताच प्रयोग करून दिला. बायॅथलॉनमध्ये स्कीवरून पळत मधे नेमबाजी करायची असते. प्रेक्षक असताना पुरुष स्कीवर वेगवान ठरले, नेमबाजीत घसरले. झायन्स म्हणाले तसंच. बायकांचं नेमकं उलटं झालं. खेळातले आधीचे प्रयोग बहुतेक पुरुषांवरच झाले होते, याकडे बायॅथलॉनचा हा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी बोट दाखवलं.