झुकिनीचा सुकाळ आणि बरणीचा वाद : पार्श्वभूमी

झुकिनी ही काकडीसारखी दिसणारी भोपळ्याच्या कुळातली भाजी. तिचे फळ वीतभर आणि कोवळे असतानाच तोडावे लागते. तोडणी जितकी वेळेवर, तितके रोप नव्या जोमाने फळते. आठवडाभर लक्ष दिले नाही, तर तेच फळ भलतेच मोठे होऊन आतल्या बिया निबर होतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात परसबागेत ती नेहमीच गरजेपेक्षा जास्त निघते.

भोपळ्याच्या या जातीची लागवड मेक्सिकोत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी झाली. आजची लांबट हिरवी झुकिनी मात्र १९व्या शतकात उत्तर इटलीत घडली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटालियन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत रुजली. इटलीत फुले सारण भरून तळतात आणि फळे बोटाएवढी असतानाच स्वयंपाकघरात येतात, त्यामुळे तिथे सुकाळ मुळातच थोडा आटोक्यात राहतो. अमेरिकेत परसबागांची हौस वाढली तेव्हा उरलेली मोठी फळे किसून गोड पावात घालण्याची रीत घरोघरी पोहोचली. बाकीचा माल बरण्यांत हवाबंद करून वर्षभर पुरवावा, असा साहजिक विचार होता आणि तिथल्या जुन्या सरकारी पुस्तिकांत त्याची कृतीही होती.

ती कृती पुढे मागे घेण्यात आली आणि त्यावरची नाराजी अजून शमलेली नाही. झुकिनीत आंबटपणा फार कमी असतो, म्हणून बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, विष तयार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू मारायला उकळते पाणी पुरत नाही. दाबाखाली सुमारे ११६ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान ठरावीक वेळ टिकवावे लागते. अडचण त्या 'ठरावीक वेळे'चीच होती. शिजल्यावर फोडी मऊ पडून बरणीत दाटून बसतात, आणि किती दाटून बसल्या यावर उष्णता मध्यापर्यंत किती वेळात पोहोचेल हे अवलंबून असते. पूर्वी छापलेल्या वेळा कोणत्या चाचण्यांवर आधारलेल्या होत्या, याची कागदपत्रेच सापडली नाहीत. आजी-पणजीच्या काळापासून कोणाला काही झाले नाही, हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. पण बरणीतले विष वासाने किंवा रंगाने कळेलच असे नाही, त्यामुळे तो मुळीच ग्राह्य धरता येत नाही. निर्णय योग्यच होता, किंबहुना तो आधीच व्हायला हवा होता.

त्यानंतर व्हिनेगरमधले लोणचे आणि फ्रीझर हेच मुख्य मार्ग उरले. सव्वा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या तीन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात घालतात, तर कीस मिनिट-दोन मिनिटे वाफवून, पावाच्या एका घाण्याला लागेल तेवढा मोजून पिशव्यांत भरतात. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणीच असते. फ्रीझरमधून काढलेल्या किसाला ते भरपूर सुटते आणि पिठात मिसळण्यापूर्वी निथळून टाकावे लागते.