महाविद्यालयीन क्रीडा वाहिनीचे वितरण

महाविद्यालयीन क्रीडा वाहिनीचे वितरण : विद्यापीठांच्या क्रीडासामन्यांना वाहिलेली नवी दूरचित्रवाणी वाहिनी केबल, उपग्रह अथवा स्ट्रीमिंग कंपन्यांच्या पॅकेजमध्ये समाविष्ट करून घेण्याची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवहारपद्धती. वाहिनी सुरू करणे आणि ती घरोघरी दिसणे या तेथे दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीसाठी प्रक्षेपणहक्क, स्टुडिओ आणि भांडवल पुरते. दुसरीसाठी प्रत्येक वितरक कंपनीशी वेगळा करार करावा लागतो आणि तो होईपर्यंत त्या कंपनीच्या ग्राहकाच्या दृष्टीने वाहिनी असून नसल्यासारखी असते. अशा वाहिन्या बहुधा एखाद्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेच्या, नावाने चालतात. प्रस्तुत नोंदीत बिग टेन या कॉन्फरन्सच्या बिग टेन नेटवर्कचा २००७-०८ मधील वितरणवाद मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे, कारण नंतरच्या वाहिन्यांनी आपले करार तो वाद समोर ठेवूनच केले, असे मानण्यास पुरेशी जागा आहे.

पार्श्वभूमी : १९८४ पर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलच्या (अर्थात अमेरिकन पद्धतीच्या) प्रक्षेपणाचे हक्क राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, हाती एकवटलेले होते आणि एका विद्यापीठाचे किती सामने दाखवायचे हेही तीच ठरवीत असे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जून १९८४ रोजी ७ विरुद्ध २ अशा बहुमताने ही मक्तेदारी स्पर्धाविरोधी ठरवली. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः नामांकित फुटबॉलपटू होते. या निकालाने हक्क विद्यापीठांकडे आणि त्यांच्यामार्फत कॉन्फरन्सकडे आले. पुढील दोन दशकांत राष्ट्रीय वाहिन्या उत्तम सामने निवडून घेत आणि उरलेले स्थानिक केंद्रांकडे जात. हे उरलेले सामनेच पुढे स्वतंत्र वाहिन्यांचे भांडवल ठरले.

उगमाविषयीची मते : कॉन्फरन्सच्या वाहिनीची कल्पना प्रथम कोणाची, याबाबत एकमत नाही. एका मताप्रमाणे तिचे मूळ १९५७ पर्यंत मागे नेता येते. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीकडे वाटचाल करत असताना सी. डी. चेस्ली या निर्मात्याने राज्यातील काही केंद्रे तात्पुरती जोडून ते सामने दाखवले. त्यातून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या सामन्यांचे प्रादेशिक प्रक्षेपण रूढ झाले आणि ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या हाती २०१९ पर्यंत टिकले. तथापि ही सामन्यांची विक्री होती. दिवसरात्र चालणारी, ग्राहकामागे शुल्क घेणारी वाहिनी नव्हती. म्हणून हे मत पूर्वपीठिका सांगते, उगम नव्हे. बिग टेनचे आयुक्त जिम डिलेनी हे नॉर्थ कॅरोलायनाचेच माजी बास्केटबॉलपटू होते, हा दुवा काही जण पुढे करतात. तो सूचक असला तरी पुरावा मानता येत नाही.

दुसरे मत कालक्रमावर भर देते. महाविद्यालयीन खेळांना वाहिलेली सीएसटीव्ही ही राष्ट्रीय वाहिनी २००३ मध्ये आणि ईएसपीएन या क्रीडावाहिन्या चालवणाऱ्या कंपनीची ईएसपीएनयू मार्च २००५ मध्ये सुरू झाली. एकाच कॉन्फरन्सला वाहिलेली पहिली वाहिनी म्हणजे माउंटन वेस्ट कॉन्फरन्सची ‘द माउंटन’. ती १ सप्टेंबर २००६ रोजी सुरू झाली आणि ३१ मे २०१२ रोजी बंद पडली. तिच्यात कॉमकास्ट या केबल कंपनीची भागीदारी होती, ही बाब पुढील वादाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. बिग टेनने आपल्या वाहिनीची घोषणा जून २००६ मध्ये केली, पण प्रक्षेपण ३० ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाले.

तिसरे आणि सर्वाधिक उद्धृत होणारे मत असे, की २००४ च्या सुमारास हक्कांच्या नूतनीकरणाच्या बोलण्यांत ईएसपीएनने देऊ केलेली रक्कम डिलेनी यांना अपमानास्पद वाटली आणि त्यांनी स्वतःची वाहिनी काढण्याचा निश्चय केला. हा प्रसंग मुख्यतः एका पक्षाच्या कथनावर आधारलेला आहे. शिवाय न्यूयॉर्कच्या यांकीज बेसबॉल संघाची स्वतःची वाहिनी २००२ पासून चालू होती, म्हणजे ग्राहकामागे शुल्क घेण्याचा नमुना समोर तयार होता. रागापेक्षा या हिशेबाने निर्णय झाला असावा, हे अधिक सयुक्तिक दिसते.

शुल्क आणि पॅकेज : वितरणाच्या वाटाघाटी दोन प्रश्नांवर अडतात, दर किती आणि वाहिनी कोणत्या पॅकेजमध्ये. यांपैकी दुसरा प्रश्न अधिक निर्णायक असतो. वितरक वाहिनीला प्रत्येक ग्राहकामागे दरमहा ठरावीक रक्कम देतो आणि ती अखेर ग्राहकाच्या बिलातून वसूल होते. वाहिनी बहुसंख्य घरांत जाणाऱ्या विस्तारित मूळ पॅकेजमध्ये असेल, तर ती कधीही न पाहणारे घरही तिचे पैसे भरते. जादा पैसे देऊन घ्यायच्या क्रीडा पॅकेजमध्ये असेल, तर फक्त शौकीन भरतात आणि त्यांची संख्या थोडी असते.

यात भूगोलाचाही भाग आहे. कॉन्फरन्समधील विद्यापीठे ज्या राज्यांत आहेत, ते वाहिनीचे घरचे क्षेत्र मानले जाते आणि तेथील दर बाहेरच्या दरापेक्षा कितीतरी जास्त असतो. बिग टेन नेटवर्कने घरच्या ८ राज्यांत (इलिनॉय, इंडियाना, आयोवा, मिशिगन, मिनेसोटा, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन) दरमहा सुमारे १ डॉलर १० सेंट आणि बाहेर सुमारे १० सेंट मागितल्याचे तत्कालीन वृत्तांत नमूद आहे. हे दर अधिकृतपणे जाहीर होत नसल्याने सर्व आकडे अंदाजे समजावेत. तरी हिशेब स्पष्ट आहे : घरच्या राज्यातील एका कुटुंबामागे वर्षाला १३ डॉलरांहून अधिक, आणि तेही सामना पाहिला न पाहिला तरी.

२००७-०८ चा वाद : वाहिनीत बिग टेनची ५१ टक्के आणि फॉक्स या दूरचित्रवाणी कंपनीची ४९ टक्के भागीदारी होती. डायरेक्टीव्ही ही उपग्रह कंपनी आरंभापासून सोबत होती. फॉक्सच्या मूळ कंपनीचे त्या वेळी डायरेक्टीव्हीवर नियंत्रण होते हे पाहता त्यात नवल नाही. कॉमकास्ट आणि टाइम वॉर्नर या मोठ्या केबल कंपन्यांनी मात्र नकार दिला. राष्ट्रीय वाहिन्यांनी निवडून उरलेले सामने सर्व ग्राहकांवर लादणे अन्यायाचे आहे, ज्यांना हवे त्यांनी क्रीडा पॅकेज घ्यावे, ही कॉमकास्टची भूमिका होती. क्रीडा पॅकेजमध्ये जाणे म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडणे, हे जाणून बिग टेनने ते मान्य केले नाही. तीन वर्षांत महिलांच्या आणि पुरुषांच्या स्पर्धांना समसमान जागा देण्याचे आश्वासन वाहिनीने दिले होते. ‘उरलेले सामने’ या आक्षेपाला ते उत्तर म्हणून महत्त्वाचे आहे, कारण महिलांच्या व्हॉलीबॉलला वा जिम्नॅस्टिक्सला एरवी प्रक्षेपणाची जागा क्वचितच मिळे.

वाहिनी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी, १ सप्टेंबर २००७ रोजी, ॲन आर्बर येथील मिशिगन स्टेडियमवर मिशिगन आणि ॲपलाचियन स्टेट यांच्यात सामना झाला. मिशिगन राष्ट्रीय क्रमवारीत पाचव्या स्थानी होते आणि पाहुणा संघ खालच्या विभागातला, त्यामुळे सामना एकतर्फी होईल अशा अपेक्षेने तो नव्या वाहिनीच्या वाट्याला आला होता. अखेरच्या क्षणी मिशिगनचा फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून धाडून गुण मिळवण्याचा प्रयत्न) अडवला गेला आणि ॲपलाचियन स्टेटने ३४-३२ असा विजय मिळवला. स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक हजर होते. परंतु त्याच शहरात कॉमकास्टची जोडणी असलेल्या घरांत या क्रीडाप्रकारातील सर्वांत धक्कादायक निकालांपैकी एक थेट दिसू शकला नाही. आपल्याच गावच्या मैदानातील सामन्यापासून असे वंचित राहणाऱ्या प्रेक्षकाला दोन कंपन्यांच्या करारात पक्षकार म्हणून जागा नसते, आणि या व्यवस्थेचा हा गंभीर दोष आहे.

संपूर्ण फुटबॉल हंगाम असाच गेला. दोन्ही बाजूंनी जाहिराती केल्या आणि ग्राहकांना उपग्रह सेवेकडे वळण्याचे आवाहन झाले. जून २००८ मध्ये कॉमकास्टशी करार होऊन ऑगस्टमध्ये वाहिनी तिच्या जाळ्यावर आली. टाइम वॉर्नरशी त्याच उन्हाळ्यात जमले. घरच्या राज्यांत विस्तारित मूळ पॅकेज मिळाले, मात्र पुढे वाहिनी व्यापक डिजिटल पॅकेजमध्ये हलवण्याची मुभा कॉमकास्टने राखून ठेवली. घरच्या क्षेत्रातील दर ७० सेंटांच्या आसपास आल्याचे सांगितले जाते. म्हणजे बिग टेनने दरात माघार घेतली आणि पॅकेज मिळवले.

नंतरच्या वाहिन्या : १४ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या, साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या एसईसी नेटवर्कला जवळजवळ सर्व मोठे वितरक पहिल्याच दिवशी मिळाले. तिची मालकी ईएसपीएनकडे होती आणि ईएसपीएनच्या इतर वाहिन्यांचे करार करतानाच ती पुढे करता आली. दक्षिणेकडील राज्यांतले फुटबॉलचे वेड हेही एक कारण होतेच. टेक्सास विद्यापीठाच्या लाँगहॉर्न नेटवर्कला (२०११-२०२४) ईएसपीएनचेच पाठबळ असूनही प्रारंभी मोजकेच वितरक लाभले. एका विद्यापीठापुरती वाहिनी सर्वांना विकणे अवघड होते. पॅक-१२ नेटवर्क्स १५ ऑगस्ट २०१२ रोजी संपूर्णपणे कॉन्फरन्सच्या मालकीने, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक वाहिन्यांसह सुरू झाले. कॉमकास्टसारख्या केबल कंपन्या सोबत होत्या, परंतु डायरेक्टीव्हीशी करार कधीच झाला नाही. दुसऱ्या कोणत्या लोकप्रिय वाहिनीचा आधार नसल्याने कॉन्फरन्सच्या हाती दबावाचे साधन नव्हते. ही वाहिनी २०२४ च्या जूनअखेर बंद झाली. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे एसीसी नेटवर्क २२ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झाले, पण कॉमकास्टवर ते डिसेंबर २०२१ मध्येच आले.

घरच्या क्षेत्राच्या दराचा परिणाम कॉन्फरन्सच्या रचनेवरही झाला. २०१४ मध्ये बिग टेनने मेरीलँड आणि रट्गर्स यांना सामावून घेतले, तेव्हा वॉशिंग्टन व न्यूयॉर्क परिसरातील लक्षावधी घरे जास्त दराच्या कक्षेत आणण्याचा हेतू त्यामागे होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉन्फरन्समध्ये २०२४ साली कॅलिफोर्नियातील दोन आणि टेक्सासमधील एक विद्यापीठ आले, त्यालाही हे कारण लागू पडते. उलट दिशेचे उदाहरण म्हणजे २०१८ मध्ये कॉमकास्टने घरच्या क्षेत्राबाहेरील आपल्या जाळ्यातून बिग टेन नेटवर्क काढून टाकले.

स्ट्रीमिंग : यूट्यूब टीव्ही आणि हुलूची थेट सेवा २०१७ मध्ये आल्यावर तारेची किंवा छत्रीची गरज उरली नाही. कराराची गरज मात्र राहिली. ईएसपीएनची मूळ कंपनी डिस्ने आणि चार्टर ही केबल कंपनी यांच्या वादात २०२३ च्या सप्टेंबरात, डिस्ने आणि डायरेक्टीव्हीच्या वादात २०२४ च्या सप्टेंबरात, तर डिस्ने आणि यूट्यूब टीव्हीच्या वादात ३० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर २०२५ या काळात एसईसी व एसीसी नेटवर्क ग्राहकांच्या पडद्यावरून गेले. तिन्ही वाद फुटबॉलच्या ऐन हंगामातले आहेत, कारण दोन्ही पक्षांना ग्राहकांच्या रोषाची धार तेव्हाच सर्वाधिक जाणवते.

भारतातील व्यवस्था याहून वेगळी आहे. २०१९ पासून अमलात आलेल्या ट्रायच्या (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किरकोळ किंमत जाहीर करावी लागते, ग्राहकाला ती सुटी घेता येते आणि मागणी करणाऱ्या वितरकाला भेदभाव न करता वाहिनी देणे प्रक्षेपकावर बंधनकारक असते. अमेरिकेत मालकीच्या नात्यावरून भेदभाव करण्यास १९९२ च्या केबल कायद्याने मनाई आहे, परंतु वितरकाने एखादी वाहिनी कोणत्या पॅकेजमध्ये ठेवावी हे मुख्यत्वे करारावर सोडलेले आहे.

२१ ऑगस्ट २०२५ रोजी ईएसपीएनने (दरमहा २९ डॉलर ९९ सेंट) आणि फॉक्सने (दरमहा १९ डॉलर ९९ सेंट) थेट ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या सेवा सुरू केल्या. पहिलीत एसईसी आणि एसीसी नेटवर्क, दुसरीत बिग टेन नेटवर्क समाविष्ट आहे. त्यामुळे केबल अथवा यूट्यूब टीव्हीच्या करारावाचूनही या वाहिन्या घेता येतात, पण या तिन्ही कॉन्फरन्सचे सामने पाहू इच्छिणाऱ्याला दोन वर्गण्या भराव्या लागतात. बिग टेनचे काही सामने २०२३ पासून केवळ पीकॉक या सेवेवर होत असल्याने त्यांच्यासाठी तिसरी वर्गणीही लागते.