रोल एकदाच धुतात
(घरी निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन करणाऱ्या ग्राहकांसाठी)

गणपतीला चाकरमानी गावी येतात, कुणीतरी माळा आवरायला घेतो आणि पत्र्याच्या ट्रंकेत निगेटिव्हची पाकिटं सापडतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या स्कॅनिंगच्या दुकानाच्या काउंटरवर. प्रश्न ठरलेले दोनच. "घरच्या स्कॅनरवर होतं का हे?" आणि "पुसून आणल्यात, आता तरी लवकर द्याल ना?"

पहिल्याचं उत्तर, होतं. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही: पुसून आणल्यात म्हणूनच उशीर होणार.

आधी पुसण्याबद्दलच सांगतो, कारण आमचा निम्मा वेळ त्यातच जातो. निगेटिव्ह म्हणजे नुसतं प्लास्टिक नाही. चकचकीत बाजू प्लास्टिकची, मंद बाजू जिलेटिनच्या पातळ थराची, आणि फोटो असतो तो त्या थरात. कोकणातल्या हवेत ट्रंकेतल्या निगेटिव्हवर जे पांढरट जाळं किंवा ठिपके दिसतात ती बुरशी. तिचं खाणं म्हणजे हेच जिलेटिन. बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. ओलं फडकं फिरवलं की बुरशी जाते, आणि सोबत फोटोही जातो.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आईवडिलांच्या लग्नाच्या निगेटिव्ह घेऊन आले. आग्फा क्लिक कॅमेऱ्यावर काढलेल्या, १२० रोलच्या (३५ मिलिमीटरपेक्षा रुंद फिल्म), चौकोनी. कोमट पाण्यात चष्म्याचं फडकं बुडवून अगदी प्रेमाने पुसलेल्या. लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या पेटीवर) ठेवल्या तर मुंडावळ्या जागेवर होत्या, हातातला हारही होता, आणि नवरीच्या गालाच्या जागी एक गुळगुळीत रिकामा ओघळ. स्कॅनर कितीही भारी घ्या, जे फडक्याला लागून गेलं ते परत येत नाही. कोलीन नको, थुंकी नको. सॅनिटायझरही नको, त्यात पाणी असतंच. रोल एकदा धुतलाय, तेव्हाच्या डार्करूमवाल्याने. तुम्ही परत धुवू नका.

मग करायचं काय? पट्टी कडेने धरा, रबरी ब्लोअरने धूळ उडवा, फार तर मऊ कोरडा ब्रश फिरवा. तोंडाने फुंकर मारू नका, तुषार उडतात. पंखा बंद ठेवा. बुरशी असेल तर तशीच राहू द्या, पुसू नका. संगणकावर डाग काढता येतात, गेलेला गाल परत काढता येत नाही.

आता स्कॅनर. कागद स्कॅन करणाऱ्या साध्या ऑल-इन-वन प्रिंटरवर निगेटिव्ह काळीच येणार. त्यात उजेड खालून पडतो आणि परत फिरतो. फिल्मला उजेड आरपार लागतो. झाकणात दिवा असलेला आणि पट्टी बसवायची चौकट सोबत मिळणारा स्कॅनर पाहून घ्या. चौकटीत अख्खी पट्टी बसते. त्यामुळे हवा तो एकच फोटो कात्रीने कापून आणू नका, सुटा तुकडा गोल होतो आणि कडा धूसर येतात.

रिझोल्यूशनचा आकडा खोक्यावर मोठा छापलेला असतो, त्याला भुलू नका. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर फोटो जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटरचा. २४०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला २४०० ठिपके) त्याचे सुमारे ७७ लाख पिक्सेल होतात आणि ८ बाय १२ इंचांची प्रिंट आरामात निघते. घरगुती फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) ९६०० ठेवलं तर बहुतेक वेळा फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

धूळ आपोआप काढणारा इन्फ्रारेडचा पर्याय रंगीत फिल्मला छान चालतो. कृष्णधवलसाठी मात्र बंद ठेवा. त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, मग स्कॅनर फोटोलाच धूळ समजून खोडत सुटतो. परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेल्या स्लाइडच्या चौकटीवर कोडाक्रोम (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) असं छापलेलं असेल तर तिथेही हा पर्याय घोळ घालू शकतो. रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते ती खराब झालेली नसते, तशीच असते; सॉफ्टवेअरमध्ये 'निगेटिव्ह' निवडा. आणि स्कॅनमध्ये आजीचा पदर उजव्या खांद्यावर दिसला तर पट्टी उलटी बसलीय. (आजी गुजराती असतील तर शर्टाची बटणं बघा.)

आमच्याबद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एक, आम्ही पाकीट घेताना प्रत्येक पट्टी लाइटबॉक्सवर बघून पावतीवर तिची अवस्था लिहितो, त्यात पंधरा मिनिटं जातात. जाऊ द्या. नंतर 'हा डाग तुमच्याकडे पडला' हे ऐकण्यापेक्षा ती पंधरा मिनिटं दोघांनाही परवडतात. दुसरी, पावसाळ्यात आम्ही चार दिवस जास्त मागतो. पट्ट्या आधी सिलिका जेलच्या डब्यात कोरड्या होऊ देतो; ओलसर फिल्म चौकटीत दाबली की काचेला चिकटते. सफाईचे पैसे वेगळे लावतो ते बुरशीच्या कामाचे, नुसत्या धुळीचे नाहीत.

रंगीत, स्वच्छ, ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या असतील आणि हाताशी वेळ असेल तर घरीच करा, आम्हीच सांगतो. बुरशी लागलेल्या, १२०च्या किंवा व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या पट्ट्या मात्र हात न लावता आणा. एक पट्टी आम्ही नमुना म्हणून फुकट स्कॅन करून देतो, पटलं तर बाकीच्या. ब्लोअर आणि निगेटिव्ह ठेवायची कागदी पाकिटं काउंटरवर मिळतात. स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह परत न्यायला विसरू नका. आमच्या कपाटात तीन वर्षांपूर्वीच्या दोन बारशांच्या आणि एका मुंजीच्या पट्ट्या अजून पडून आहेत.