कोंपनीची पोटरी

२६ डिसेंबर २०१५. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी या फुटबॉल क्लबचा कर्णधार व्हिन्सेंट कोंपनी दुखापतीतून सावरून संडरलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि नऊ मिनिटांत बाहेर आला. पुन्हा पोटरीच.

ब्रसेल्सचा हा मुलगा सतराव्या वर्षी अँडरलेख्ट क्लबकडून खेळू लागला, हॅम्बुर्ग क्लबमार्गे २००८ मध्ये सिटीत आला. बचावाची भिंत म्हणून नाव झालं, पण त्या भिंतीचा पाया वारंवार खचत होता.

पोटरीत मुख्य स्नायू दोन. हाताला फुगीर लागतो तो गॅस्ट्रोक्नेमियस, त्याखालचा चपटा सोलियस. दोन्ही खाली टाचेमागच्या जाड कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, उतरतात. सोलियस फक्त घोट्यापुरता. चिवट, सहसा न थकणारा. गॅस्ट्रोक्नेमियस मात्र गुडघ्याच्या वरून निघतो, म्हणजे दोन सांधे ओलांडतो. गुडघा सरळ आणि पाऊल वर वळलेलं असलं की तो दोन्हीकडून ताणला जातो. त्याच क्षणी शरीर पुढे ढकलायला त्याला जोर लावावा लागला, तर तंतू तुटतात. मागे सरकणारा बचावपटू गर्रकन वळून स्ट्रायकरमागे सुटतो तेव्हा हेच घडतं. आपण मात्र ‘पाय लचकला’ म्हणून मोकळे होतो.

खरी गोम पुढे आहे. तंतू तुटला की त्याच्या कडेला निद्रिस्त असलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात आणि नवा तंतू विणू लागतात. १९६१ मध्ये त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसल्या. पण त्याच जागी कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा व्रणही भरतो. व्रण आकुंचन पावत नाही, नीट ताणलाही जात नाही; मग सगळा ताण शेजारच्या तंतूंवर. म्हणून आधी झालेली दुखापत हीच पुढच्या दुखापतीची मोठी खूण मानली जाते. वय वाढतं तसा धोकाही वाढतो. आणि वेदना थांबली म्हणजे स्नायू तयार झाला असं नव्हे. खेळाडू आणि प्रेक्षक दोघांनाही हे पटत नाही.

मे २०१६ मध्ये माद्रिदमधल्या सामन्यात कोंपनीला दहाव्याच मिनिटाला दुखापतीने मैदान सोडावं लागलं आणि त्याची युरो ही युरोपीय देशांची स्पर्धा हुकली. तरी २०१८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या बेल्जियमच्या संघात तो होताच.

६ मे २०१९. लेस्टरविरुद्ध गोलशून्य बरोबरी, सत्तरावं मिनिट, समोर मोकळी जागा. सहकारी ‘मारू नकोस’ म्हणत होते. त्याने डावा पाय रोवला, सगळं वजन त्याच पायावर, आणि उजव्याने लांबून चेंडू थेट वरच्या कोपऱ्यात धाडला. सिटी १–० जिंकली. पुढच्या वर्षी, चौतिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला.