पुढचे ब्रेक पॅड बदलले की मागचे लायनरही बदलावेच लागतात?

कुर्ल्याच्या गॅरेजपासून वाशीच्या मार्केटपर्यंत पिकअपवाल्यांत एक समज पक्का आहे: ब्रेकचं काम काढलं की चारही चाकांचं एकदम करायचं, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. यातलं अर्धं खरं आहे, आणि गोंधळ त्या अर्ध्यानेच होतो.

गाडी ओढते ती डावी-उजवी बाजू असमान झाली तर. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड (चाकाबरोबर फिरणारी डिस्क दाबून धरणारे) जोडीने बदलायचे, मागचे लायनरही (ड्रमला आतून घासणारे) जोडीनेच. पुढच्या जोडीने मागच्या जोडीची सोबत करायलाच हवी असं मात्र काही नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं. गाडी रोखण्याचं जास्त काम पुढच्या डिस्क करतात, त्यामुळे पॅड आधी संपतात. मुंबईच्या एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर आणखी लवकर.

अर्थात मागचं न उघडता सोडू नका. बहुतेक पिकअपना मागे ड्रम असतो, तो काढून बघा. लायनर जाड दिसेल, पण व्हील सिलिंडरचं (लायनर ड्रमवर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट उचललं आणि बोटाला ब्रेक ऑइल लागलं तर सिलिंडर गळतोय. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने पुसून परत बसवणारे मेकॅनिक आहेत. त्यांचं ऐकू नका, तो बदलाच. हँडब्रेकही त्याच लायनरवर चालतो.

पॅडचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, ३ मिमीवर आला की पॅड बदला. नवे टाकल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक थेट तळाला जातो.