मल्टिमीटर ‘ठीक’ म्हणतो, जीपीएस उपग्रह शोधतच राहतो

३१ जुलैला मासेमारी बंदी संपते. शाकारून ठेवलेल्या बोटींवरच्या ताडपत्र्या उतरतात, इंजिन सुरू होतं, वायरलेस बोलायला लागतो. पण मे महिन्यात बिनतक्रार चाललेला जीपीएस ‘उपग्रह शोधत आहे’ यापुढे सरकत नाही. मग तांडेल केबल ओढून बघतो, कोणीतरी अँटेनावर टिचकी मारतं आणि शेवटी नवीन अँटेना आणायची ठरते. बहुतेक वेळा अँटेना चांगली असते.

सर्वात आधी बोट उघड्या आकाशाखाली आणा, जीपीएस चालू करा आणि १५ मिनिटं त्याला हात लावू नका. कोणता उपग्रह कुठे आहे याचं ढोबळ वेळापत्रक यंत्राच्या स्मरणात असतं. दोन महिने बंद पडलेल्या यंत्रात ते शिळं होतं, आतली छोटी बॅटरी संपली असेल तर पुसलंही जातं. उपग्रहांकडून ते नव्याने पूर्ण उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात. मधेच बंद-चालू केलं तर पहिल्यापासून सुरुवात. (त्याच बॅटरीवर काही जुन्या यंत्रांतले मासळीच्या जागांचे पॉइंटही टिकून असतात. ते वहीत उतरवून ठेवलेले बरे.) जागा बरोबर येतेय पण तारीख वीसेक वर्षं मागची दिसतेय, तर अँटेनाला दोष देऊ नका. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला तो तसा आला आणि बरीच जुनी यंत्रं गोंधळली.

पंधरा मिनिटांनंतरही जागा येत नसेल तर यंत्रातलं उपग्रहांचं पान उघडा; तिथे प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद उभ्या पट्टीने दिसते. एकही पट्टी उठत नसेल तर केबल तुटलेली, शॉर्ट झालेली किंवा अँटेनाला वीज जात नसलेली. पट्ट्या आहेत पण सगळ्याच बुटक्या, तर सिग्नल वाटेत गळतोय. मधेच उंच आणि मधेच गायब होत असतील तर सैल कनेक्टर किंवा बोटीवरचंच एखादं उपकरण. याच वेळी मोबाइल डेकवर उघड्यावर धरून बघा. त्याचा जीपीएस नेटवर्कशिवाय चालतो. त्याला जागा मिळाली तर आकाश ठीक आहे, दोष आपल्या तारेत आहे.

केबिनच्या टपावरची ती पांढरी अळंबी नुसती अँटेना नसते, तिच्या पोटात सिग्नल मोठा करणारा प्रवर्धक असतो. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आणि त्याची ताकद पंचवीस-पन्नास वॅटची, म्हणजे केबिनमधल्या बल्बएवढी. इतक्या लांबून येणारा सिग्नल अँटेनाजवळच काही शे पट मोठा केल्याशिवाय केबलमधून खाली पोचणार नाही. आरजी-५८ जातीच्या बारीक केबलमध्ये १० मीटरला त्याची ताकद साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. या प्रवर्धकाला लागणारी वीज त्याच केबलच्या मधल्या तारेतून वर जाते.

म्हणून मल्टिमीटर लावता येतो. यंत्रामागचा कनेक्टर सोडवा आणि सॉकेटची मधली टाचणी व बाहेरची कडी यांमध्ये व्होल्ट मोजा. बहुतेक यंत्रांत ३.३ ते ५ मिळतात, काहींत १२ही असतात; पुस्तिका बघा. मोजताना टाचणी कडीला टेकू देऊ नका. इथे शून्य आलं तर बिघाड यंत्रात आहे. व्होल्ट आले तर केबल परत यंत्राला लावून वर चढा, अँटेनाकडचं टोक सोडवा आणि तिथे मोजा. खाली आहे आणि वर नाही, तर केबल गेली. केबल दोन्हीकडून मोकळी करून मधली तार आणि तिच्याभोवतीची तांब्याची जाळी यांमधला रोधही बघा. तो अनंत दाखवायला हवा.

खरी फसगत इथून पुढे होते. वर पूर्ण ५ व्होल्ट मिळतात, केबल ठीक म्हणून अँटेना बदलली जाते, आणि पट्ट्या तशाच बुटक्या. कारण मल्टिमीटर इथे एकदिश (डीसी) वीज मोजतो आणि सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झचा असतो. वरच्या कनेक्टरमधून झिरपलेलं पाणी तांब्याच्या जाळीत दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं पुढे सरकतं. एकदिश विजेला त्याचं काही वाटत नाही, पण इतक्या उच्च कंपनांचा सिग्नल ओली, काळवंडलेली जाळी खाऊन टाकते. खात्री करायची तर टोकापासून बोटभर आवरण सोला. जाळी लख्ख तांबूस किंवा चंदेरी हवी. काळी किंवा हिरवी दिसली तर आणखी वीतभर कापून बघा. तिथेही काळीच असेल तर केबल नवी घाला. मधे कापून तारा पिळून टेप मारलेला जोड या कंपनांना चालत नाही.

कनेक्टरची टाचणी इतक्या लवकर हिरवी पडते तीही त्याच व्होल्टमुळे. खारं पाणी आणि सतत धन असलेली टाचणी म्हटल्यावर तिथे विद्युतविच्छेदनच चालू होतं. त्यामुळे नवा जोड करताना स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, खालून वर गुंडाळा. कौलं छपरावर याच क्रमाने चढवतात, म्हणून पाणी सांध्यात न शिरता घरंगळतं. वरून साधी काळी टेप, उन्हासाठी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. आणि रंगकामात अळंबीवर ब्रश फिरवू नका.

उपकरणांचा त्रास वेगळा. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात २००१ मध्ये अख्ख्या बंदराचा जीपीएस बंद पडला होता. शोधल्यावर कारण निघालं बोटींवरच्या बूस्टरवाल्या टीव्ही अँटेना. बूस्टर बिघडून स्वतःच जीपीएसच्या कंपनांवर रेडिओ-गोंगाट सोडत होते. बूस्टरला वीज मिळत असेल तर टीव्ही बंद असूनही हे होऊ शकतं. म्हणून सगळे स्विच पाडा, फक्त जीपीएस ठेवा आणि एकेक उपकरण चालू करत पट्ट्यांवर नजर ठेवा: एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर. वायरलेसचं बटण दाबूनही बघा. त्याच्या अँटेनापासून निदान मीटरभर अंतर हवं आणि रडारच्या झोतात अळंबी नको. डोलकाठीच्या टोकावरही नको. तिथे ती बोटीबरोबर झुलते आणि वेग-दिशेचे आकडे नाचतात.

दुरुस्ती होईपर्यंत एक काम राहतं. डीएससी वायरलेस (एक बटण दाबताच संकटाचा संदेश आपोआप पाठवणारा) या जीपीएसला जोडलेला असेल तर लाल बटण दाबल्यावर संकटाचा संदेश जाईल, पण जागेविना. मेनूत जागा आणि वेळ हाताने भरता येते. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश तिथे टाका, आणि बोट पुढे सरकत जाईल तसे बदलत राहा.